तळच्या ओळीतलं नाव

आराक्सी टर्झियनला कुणी "कशा आहात?" असं विचारलं, तरी ती आधी विचारणाऱ्याच्या हातांकडे बघायची. ग्लेन्डेलच्या आमच्या आर्मेनियन चर्चमध्ये तिच्याबद्दल म्हणायचे, की ही प्रसादाची भाकरीसुद्धा उलटी करून बघते. ते खोटं होतं, पण फार खोटं नव्हतं. भाजीवाल्यानं प्रेमानं एखादं वांगं जास्तीचं टाकलं तर ती ते पिशवीतून काढून परत ढिगावर ठेवायची. फुकटच्या वांग्यात कीड असतेच, असं तिचं मत. तिची धाकटी बहीण झाबेल तिच्याबरोबरच राहायची. ती म्हणायची, "अगं, देवानं डोळे दिलेत ते बघायला. तू त्यांनी नुसती झडती घेतेस."

पण हा गुण काही आराक्सी जन्मताना घेऊन आली नव्हती. तो तिला धंद्यानं लावला. उभा जन्म तिनं सिनेमाची पोस्टरं केली, टेकडीपलीकडच्या बरबँकमधल्या एका कंपनीत. त्या धंद्याची रीतच अशी, की स्टुडिओ एका सिनेमाचं काम एकाच वेळी चार कंपन्यांना देतो आणि एकीला दुसरीचा पत्ता लागू देत नाही. प्रत्येक कंपनी ढीगभर पोस्टरं करते. त्यातलं एक भिंतीवर चढतं, बाकीची केरात. आणि जे चढतं त्याच्या तळाशी कॅमेरावाल्याचं नाव असतं, कपडे शिवून घेणारीचं असतं, वाजवणाऱ्याचं असतं. पोस्टर करणाऱ्याचं मात्र नसतं. लग्नात सगळ्यांना आहेर आणि मांडव घालणाऱ्याला कुणी विचारत नाही, तशातला प्रकार.

एकदा तिनं एक पोस्टर केलं होतं. दारातल्या पायपुसण्यावर ठेवलेला लाल टेलिफोन, बस्स. साहेबांनी नाक मुरडलं, चित्र केरात गेलं. पुढं काही महिन्यांनी ती बसची वाट बघत उभी होती, तर थांब्यावरच्या काचेत तोच टेलिफोन, तेच पायपुसणं. दुसऱ्या कंपनीचं काम म्हणून. साहेबांनी खांदे उडवले आणि विचारलं, तुझं आहे हे कशावरून? तिचं नाव कुठंच नव्हतं, तेव्हा कशावरूनच नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आराक्सी त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकायला लागली.

नोकरी सुटल्यावर ती घरीच बारीकसारीक कामं करायची. तिथं एका रविवारी वाहराम आला. ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवणाऱ्या मेल्कोनचा हा मुलगा. आईनं दिलेला लहमाजोचा, म्हणजे खिमा लावलेल्या पातळ रोट्यांचा, गरम डबा त्यानं टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की मी सिनेमा केलाय. नाव 'सहाशे पाहुणे'. ग्लेन्डेलमधलंच लग्न, सहाशे माणसं जेवायला बसलीत, बँडवाले घामाघूम झालेत आणि नवरीचा पत्ता नाही. पहिलाच सिनेमा, पैशाची ओढाताण, पण पोस्टर आणि वेबसाइट तुम्हीच करायची, मावशी.

आराक्सीनं लहमाजोकडे पाहिलं, हात लावला नाही. मग म्हणाली, "पैसे कमी दे. पण तळच्या ओळीत माझं नाव पाहिजे. पोस्टर : आराक्सी टर्झियन. बाकीच्यांच्या अक्षरांएवढंच."

"दिलं," वाहराम म्हणाला.

इतक्या पटकन कुणी काही देतं का? तिथंच तिच्या मनात पहिली पाल चुकचुकली. तो गेल्यावर झाबेलनं डबा उघडला आणि दोन लहमाजो गुंडाळून खाल्ले. आराक्सी तिच्याकडे बघत राहिली, हिला काही होतंय का म्हणून.

काम मात्र तिनं जीव ओतून केलं. लग्नाच्या हॉलमध्ये जाऊन स्वतः टेबल मांडलं. लांबच लांब पांढरं कापड, पनीर, ऑलिव्ह, पुदिन्याच्या जुड्या, भरलेले पेले आणि माणूस एकही नाही. फक्त एक खुर्ची मागे सरकलेली. वेबसाइटवरही तेच टेबल घेतलं, आणि असं केलं की एकेका ताटावर बोट ठेवलं की सिनेमातला एकेक प्रसंग उघडावा. झाबेल एका संध्याकाळी सगळी ताटं उघडून बसली आणि हसून हसून तिला उचकी लागली.

पोस्टरच्या तळाशी त्या उंच, काटकुळ्या अक्षरांच्या ओळी असतात ना, त्यात कुणाचं नाव आधी, कुणाचं केवढं, हे सगळं करारात लिहिलेलं असतं. यादी हाती येईपर्यंत धंद्यातली माणसं तिथं भरतीची नावं टाकून ठेवतात, जागा दिसावी म्हणून. कुणी बेसबॉलच्या खेळाडूंची टाकतं, कुणी सासरच्यांची. आराक्सीची नावं ठरलेली होती. तिच्या आईबरोबर शर्ट शिवायच्या कारखान्यात बसणाऱ्या बायका: हृप्सिमे, येरानुही, सातेनिग, बायद्झार. वर्षानुवर्षं त्या चौघी नायिका, निर्मात्या आणि दिग्दर्शिका होऊन तिच्या कंप्युटरमध्ये बसल्या होत्या. धंद्यातलं शेंबडं पोरही ओळखतं की ही भरती आहे. वाहराम धंद्यातला नव्हता, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

वाहरामची यादी काही येईना. आज देतो, उद्या देतो. मग एक दिवस त्याचा फोन आला: मावशी, पोस्टरची उघडी फाइल पाठवता का, थिएटरवाल्यांना हवीय. उघडी फाइल म्हणजे जिच्यात टेबल वेगळं, उजेड वेगळा, अक्षरं वेगळी. कुणीही उचलावं आणि आपलं म्हणून मिरवावं. छापायला ती कधीच लागत नाही. आराक्सीनं विचारलं कशाला, तर तो म्हणाला, मलाही नीट कळलेलं नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, हे तिनं ताडलं.

आणि दोन दिवसांत ते पाणी तिच्या डोळ्यांपुढं आलं. ती भाकरी आणायला बेकरीत गेली, तर कोपऱ्यातल्या टेबलावर वाहराम, आणि त्याच्यासमोर लॅपटॉप उघडून कॉलिन. हा कॉलिन तिच्या जुन्या कंपनीत तिच्या शेजारी बसायचा. लॅपटॉपवर तिचं टेबल होतं, वाहरामला नमुना म्हणून पाठवलेलं. तिची खुर्ची होती. तिला बघताच वाहरामनं हात हलवून बोलावलं, ते तिला अगदीच निगरगट्टपणाचं वाटलं. ती भाकरी न घेताच परतली.

घरी झाबेलनं कॉफी केली, प्यायल्यावर कप उपडा घातला आणि गाळात भविष्य बघितलं.

"काय दिसतंय?" आराक्सीनं विचारलं.

"साप."

"बघ."

"किंवा शिंप्याची टेप असेल. तुला काय हवंय ते सांग, मी ते बघते."

आराक्सीला साप हवा होता. काम दोघांकडे दिलंय, आपलं टेबल कॉलिनच्या नावानं भिंतीवर चढणार आणि आपण पुन्हा बसच्या थांब्यावर उभ्या, याची तिला खात्री पटली. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी तिनं एक बंद फाइल केली, सपाट, जिच्यातलं काही हलवता येणार नाही अशी. तळाशी हृप्सिमे, येरानुही आणि मंडळी तशीच ठेवली. आणि स्वतःच्या नावाची ओळ काढून टाकली. हिशेब सरळ होता. कॉलिन चोर असेल तर भरतीची नावं बघून परत येईल, खरी फाइल मागेल. वाहराम प्रामाणिक असेल तर वाचेल आणि विचारेल, मावशी, तुमचं नाव कुठंय?

फाइल वाहरामकडे गेली. वाहरामचं उत्तर आलं, "सुंदर!" एवढंच. कॉलिनही काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी नावांची यादी आली, तिच्यात आराक्सीचं नाव होतं. ती मनात म्हणाली, वा, आता काम झाल्यावर गोड बोलणं. तिनं खऱ्या नावांची फाइल केली आणि मांजरीनं उंदराच्या बिळापुढं बसावं तशी तिच्यावर बसून राहिली. मागू दे, मग बघू. पण कुणी मागितली नाही.

पहिला खेळ शनिवारी दुपारी होता. आराक्सी काळा झगा घालून गेली, पर्समध्ये भिंग होतं. थिएटरच्या दारात अर्धं ग्लेन्डेल लोटलं होतं, अत्तरांचा वास सुटला होता, मेल्कोन नव्या सुटात सगळ्यांशी हात मिळवत होता. ती कुणाशी न बोलता सरळ पोस्टरकडे गेली. टेबल तिचंच, खुर्ची तिचीच. भिंग काढायची गरजच पडली नाही, कारण तिच्या शेजारी उभी असलेली नायिकेची आई तळची ओळ मोठ्यानं वाचत होती.

"हृप्सिमे कोण गं?" ती मुलीला विचारत होती. "तुझं नाव कुठंय, माराल?"

मारालनं वाकून वाचलं, आणि ती सरळ उभी राहिली तेव्हा तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. तिचा व्यवस्थापक फोन काढून बाजूला गेला. करारात पहिलं नाव तिचं होतं, फोटो काढणारे यायच्या आत सगळी पोस्टरं उतरली पाहिजेत, असं तो येऊन सांगून गेला. वाहराम गर्दीतून वाट काढत आला. त्यानं ओळी वाचल्या, बोट ठेवून, एकेक.

"मावशी, ही कोण माणसं?"

"भरतीची," आराक्सी म्हणाली. "तू वाचलं नाहीस?"

"तुमच्याकडून आलेलं, तसंच छापायला दिलं. त्यात वाचायचं काय?"

ती काही तरी बोलायचं म्हणून बोलली, "आणि तो कॉलिन?"

"तो आडव्या टीव्हीवाला?" वाहरामनं दाराकडे बोट केलं. तिथं रुंद पडद्यावर तिचं टेबल होतं, दोन्ही बाजूंनी कापलेलं, तळच्या ओळींशिवाय. "उभं चित्र आडवं करायला उघडी फाइल लागते म्हणाला. नाही मिळाली, मग असं कापलं बिचाऱ्यानं. तुम्हाला भेटवावं म्हणून त्या दिवशी हाक मारली, तर तुम्ही निघूनच गेलात."

आराक्सीला इतकी लाज वाटली, की पायांत चपला आहेत का नाहीत तेही कळेना. ती काही खोटं बोलणारी बाई नव्हती, पण इतकं अवघड खरं आयुष्यात पहिल्यांदाच बोलली. "मी तुझी परीक्षा घेत होते."

"कशात?"

"चोरीत."

मेल्कोनचा मुलगा तो, आवाज चढवायची त्यांच्या घरात रीत नाही. "मग, पास झालो का?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पोस्टरच्या चौकटीचे स्क्रू काढायला गेला.

माणसं रिकाम्या चौकटींसमोरून आत गेली. सिनेमा हसून हसून बघितला सगळ्यांनी, मेल्कोन तर रडला. आराक्सी शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. दिवे लागायच्या आत ती उठून घरी आली आणि वेबसाइटवर खरी नावं चढवली. मग छापायची फाइल घेतली. सगळ्यांची नावं तपासली, माराल पहिली, अक्षरांची उंची करारात होती तेवढी. शेवटच्या ओळीत तिचं नाव होतं. ते तिनं पुसून टाकलं.

झाबेल मागे उभी होती. "अगं, त्या नावासाठी तर पोराला एवढं छळलंस."

"म्हणूनच," आराक्सी म्हणाली आणि फाइल पाठवून दिली.

दोन दिवस काही उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी वाहराम आला. हातात लहमाजो नव्हते, गुंडाळलेलं पोस्टर होतं. तो बसला नाही. त्यानं ते टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर कॉफीचे कप ठेवले आणि म्हणाला, "ह्या वेळी वाचलं. दोनदा वाचलं, बहिणीकडूनही वाचून घेतलं. एक नाव कमी आहे."

"ते मीच काढलं."

"का?"

तिला वाटलं होतं की न सांगताही कळेल. तिनं तोंड उघडलं, पण वाहराम तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. तो तिच्या हातांकडे बघत होता.

"पुन्हा परीक्षा आहे का?" त्यानं विचारलं. चेष्टेत नाही. खरंच विचारलं.

पहिल्या रविवारी काही न विचारता "दिलं" म्हणणारा हा मुलगा. त्या टेलिफोनच्या पोस्टरनं आराक्सीचं जे केलं होतं, ते तिनं चार आठवड्यांत ह्याचं केलं होतं. तिला म्हणायचं होतं, अरे, तू होतास तसाच बरा होतास. पण तिनं तसं सांगितलं असतं तर तेही त्यानं तपासून घेतलं असतं.

"परीक्षा नाही," ती म्हणाली. "लाज वाटली म्हणून काढलं."

"ठरलं होतं ना? मग टाका."

तिनं खुर्ची ओढली आणि शेवटच्या ओळीत आपलं नाव टाकलं, बाकीच्यांच्या अक्षरांएवढंच. वाहराम तिच्या खांद्यामागं उभा राहून एकेक अक्षर बघत होता. झाबेलनं कॉफी विचारली, तो नको म्हणाला.

"झालं," आराक्सी म्हणाली. "रात्री पाठवते."

"नको, मावशी," तो म्हणाला. "आत्ता, माझ्यासमोरच पाठवा."

तिनं पाठवली.