साहेबांचं कार्ड

छावणीच्या त्या कचेरीत तोफा मोठ्या खऱ्या, पण त्याहून मोठी विसरभोळ्यांची फौज! ती सांभाळायला खिडकीमागे एकटा बंदचालू. कॉम्प्युटर अडला की फोन त्याला, आणि त्याचं उत्तर ठरलेलं, "साहेब, एकदा बंद करून चालू करा." नाव पडलं ते त्यावरून. घरी मिक्सर रुसला तरी बायको हाक मारायची, "या, तुमचं खातं आलं!"

गडी कंत्राटी. केस पिकले, पण नोकरी काही पिकेना. यंदा मात्र बड्या साहेबांनी कायम करायचा शब्द दिला होता. बायकोनं तर शेजारणीला सांगूनही टाकलं.

पासवर्ड विसरला, तर ज्याचा त्यानंच कार्ड घेऊन खिडकीशी यायचं, असा तिथला नियम. शिपाई असो की सेनापती. एके दिवशी बड्या साहेबांचा हवालदार त्यांचं कार्ड घेऊन हजर.

"कार्ड आलं, साहेब कुठायत?"

"मीटिंगमध्ये."

"मग उठल्यावर येतील की."

हवालदारानं साहेबांना कळवलं, आणि लगेच खिडकीतला फोन खणखणला. "मी तुझ्या खिडकीशी रांग लावू? कायम व्हायचंय ना रे तुला?"

बंदचालूनं हवालदाराच्या हाती नवा पासवर्ड दिला.

पुढे तपासणी आली. खिडकीवरच्या कॅमेऱ्यात कार्ड साहेबांचं, मिशा हवालदाराच्या! झालं, चौकशी बसली. आणि चौकशीच्या खुर्चीत कोण, तर बडे साहेबच.

"नियम माहीत होता?"

"होता, साहेब."

"मग मोडलास का?"

बंदचालूनं साहेबांकडे पाहिलं. साहेब पंख्याकडे बघत होते. फोनवरचं बोलणं जिभेच्या टोकावर आलं होतं, पण त्याला वाटलं, आपण झाकलं तर साहेब सांभाळून घेतील. तो म्हणाला, "चूक झाली."

"शिस्त म्हणजे शिस्त," साहेब म्हणाले. कायम होणं राहिलं बाजूला, होतं ते कंत्राटही गेलं.

फाटकावर तो पास जमा करत होता, तेवढ्यात हवालदार आला. मान खाली घालून म्हणाला, "दादा, साहेब आज पुन्हा पासवर्ड विसरले."

"मग? पाठवलं तुला?"

"नाही हो. स्वतः गेले खिडकीशी, तुमच्या जागी आलेल्या नव्या पोराकडे. कॅमेऱ्याला घाबरतात आता. आणि दादा, मी चहा ओतेस्तोवर परतसुद्धा आले."

बंदचालूनं वळून पाहिलं. साहेबांचं दार आणि त्याची खिडकी, मध्ये नुसता एक व्हरांडा होता.