सुनीताची शिट्टी

मंडळी, आज लय लाज वाटायलीय, म्हणून लिहितोय.

लकव्यातून मी उठतोय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तोंड अजून वाकडं, शिट्टी वाजत नाही. मग शर्यतीच्या कबुतरांची नवी पिल्लं खाली बोलवायची कशी? माझ्यासाठी बायको, सुनीता, शिट्टी शिकली. आता पिल्लं फक्त तिलाच ओळखतात.

आज सकाळी गंगाखेडहून पाव्हणे मला बघायला आले. गच्चीवर सुनीतानं शिट्टी मारली आन् पाव्हणे गालात हसले. मी तिच्यावर खेकसलो, "बाईमाणसाला शोभतं का हे?"

"मग तुमीच बोलवा," म्हणून ती खाली गेली.

मी फुंकत राहिलो. नुसती हवा. पिल्लं घिरट्या घालून दमली, वर घार दिसायली. शेवटी पाव्हण्यांसमोरच मी हाक मारली, "सुनीता, ये गं वर."

ती आली. पदर सावरला, शेजारच्या गच्चीवरून कोणी बघतंय का ते पाहिलं, मग हळूच शिट्टी मारली. पिल्लं झटक्यात उतरली.

आधी ती असं इकडंतिकडं कधीच बघत नव्हती. नुसतं "चुकलं माझं" म्हटल्यानं ते जाईल का हो?