मिटत नव्हता तो डोळा

१९८६चा हिवाळा. जयपूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या साहेबांच्या अंगणात संक्रांतीचा तिळगूळ होता. बदलीवर आलेली मराठी कुटुंबं जमली होती. मी माझ्या नऊ वर्षांच्या पोरीला, सुजाताला घेऊन गेलो. सकाळी उठली तेव्हापासून तिचं तोंड डावीकडे ओढलेलं. उजवा डोळा मिटत नव्हता. पाणी पिताना ओठातून गळायचं.

साहेबांची बायको सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमच्या वडिलांनी देव नदीत सोडले ना? मग हे होणारच. पोरांत नका बसवू तिला."

सुजाता पायरीवर बसली. बाईंनी तिच्या हातावर तिळगूळ वरून टाकला.

मी हात जोडले. विचारलं, "वहिनी, उपाय काय?"

ते मला अजून गिळता येत नाही. बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव वर्धा नदीत सोडले. त्याचा मॅट्रिक झालेला मुलगा देवीचा दोरा मागत होता.

दोरा मिळाला. "औषध देऊ नका, देवी चिडते," असंही वहिनींनी सांगितलं.

बायको म्हणाली, "दवाखान्यात चला ना. दोऱ्यानं काय होते?"

मी तिलाच गप्प केलं. साहेबांच्या घरचा शब्द होता.

आठवड्यात डोळा लालभडक झाला. मग बायकोनं मला विचारलं नाही. पोरीला उचललं, निघाली. मी मागून गेलो.

डॉक्टरीणबाईंनी दोरा पाहिला, मग मला. "शुरू के दो-तीन दिन में गोली देनी थी. और आँख खुली छोड़ दी? चेहरा अक्सर लौट आता है, भाईसाहब. आँख नहीं लौटती."

गोळ्या दिल्या. दिवसा डोळ्यात थेंब, झोपताना मलम लावून पापणी पट्टीनं बंद. दोन महिन्यांत तोंड सरळ झालं. सुजाता हसली तर दोन्ही गाल हलले. बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या डोळ्यानं तिला धूसर दिसतं.

वहिनी दारात आल्या. "बघा, दोऱ्याला यश आलं. देवीची ओटी भरून टाका."

"दोरा कापला मी. हा डाग तुमचा आणि माझा."

"साहेबांना सांगू का?"

"सांगा."

त्यांनी सांगितलं. माझी बढती अडली. अडू दे.

सुजाताला मी सगळं खरं सांगितलं. तिनं माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही. पण आता आमच्या लायनीत कुणाचंही पोर वाकडं तोंड घेऊन उठलं, तर मी त्याला त्याच दिवशी दवाखान्यात नेणार. दोरा घेऊन कुणी आडवं आलं, मग ती साहेबाची बायको असो की माझा सख्खा भाऊ, मी हात जोडणार नाही.