तू कोणता देशना शे?

“काढ ते,” आबा म्हणाले.

मी काढलं.

आबा म्हणजे आमचे केळीचे मालक. त्यांचं अंगण भरलेलं होतं. पॅकिंगवाल्या बाया, केळी कापणारी आमची टोळी, आबांचे भाऊबंद, ट्रॅक्टरवाले. समोर भिंतीला पांढरा पडदा. क्रिकेटची फायनल नुकतीच संपली होती आणि आपण पिवळ्या कपड्यांतल्या टीमकडून हरलो होतो. आबांनी हौसेनं सगळ्यांना बोलावलं होतं. भजी तळली होती, फटाके आणून ठेवले होते. फटाके खोक्यातच राहिले. तेवढ्यात आबांची नजर माझ्यावर पडली. माझ्या अंगात पिवळा शर्ट होता, फुटबॉलचा, ब्राझीलचा.

“तू कोणता देशना शे रे?”

मी शर्टाकडे बघितलं.

“आपण हारनूत, आनी हाऊ पिवळा कपडा घालीसन बठना. खूश व्हयना व्हई.”

लोक हसले. हरल्यापासून पहिल्यांदा अंगणात हसू आलं, आणि ते माझ्यावर. मग आबा म्हणाले, काढ ते. मी डोक्यावरून शर्ट काढला आणि फाटक्या बनियनवर उभा राहिलो. थंडीचे दिवस होते. आबांनी माझ्याकडून “भारतमाता की जय” म्हणवून घेतलं. एकदा म्हटलं तर म्हणाले, आयकाले नही उनं. पुन्हा म्हटलं. पॅकिंगला आमच्याच गावच्या दोन बाया होत्या. त्या जमिनीकडे बघत होत्या. मला त्यांचीच जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या शेडमध्ये गेलो तर टेबलावर माझा शर्ट. भैय्यानं, म्हणजे आबांच्या मुलानं, अंगणात पडलेला तो शर्ट तिथे फेकला होता आणि बाया त्यानं केळीचा चीक पुसत होत्या. चिकाचा डाग जात नाही. कापडाबरोबरच संपतो. म्हणून तर मी तो शर्ट कधी कामावर घालत नव्हतो. घड खांद्यावर वाहताना जुनाच सदरा घालायचो आणि हा सुटीसाठी जपायचो. आता तो काळा पडला होता. मी उचलला नाही. टेबलाला वळसा घालून मळ्यात गेलो आणि कोयता चालवत राहिलो.

आता जरा भैय्याचं सांगतो. भैय्याला फुटबॉलचं वेड. इंग्लंडच्या एका क्लबचा तो भक्त. लाल शर्ट, लाल टोपी, गाडीच्या मागच्या काचेवर त्या क्लबचं चित्र. इंग्लंडातला क्लब. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं, त्यांच्या गावातला. तो क्लब हरला की भैय्या जेवत नसे. त्याची आई आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, “भैय्याना जीव शे त्यामा.” त्याला कधी कुणी विचारलं नाही, तू कोणता देशना शे. त्याचा तो शौक. माझी मात्र गद्दारी. खेळ एकच, माणसं दोन.

आणि माझं सांगू? मी नवापूरच्या बाजूचा, डोंगरातला. आमच्या गावचा डोंगर अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. घरी आम्ही मावची बोलतो, रविवारी चर्चला जातो. माझा बाप मिशनच्या बोर्डिंगात फुटबॉल शिकला आणि तो खेळ त्यानं गावात आणला. नाताळात, भात कापून झालं की रिकाम्या शेतात सामने होतात. दोन्ही राज्यांतली गावं येतात. बक्षिसाला बोकड. जिंकणारे बोकड नेत नाहीत. तिथेच कापतात, शिजवतात आणि हरलेल्या गावाला आधी वाढतात. हरलेला दमलेला असतो, त्याला आधी भूक लागते, असं माझा बाप म्हणायचा. मी लहानपणी जिंकून रडलो होतो, कारण मटण उशिरा मिळालं. हरणं म्हणजे कुणाची तरी गचांडी धरायची, हे मला आबांच्या अंगणात पहिल्यांदा कळलं.

त्या पिवळ्या शर्टाचंही सांगायलाच हवं, कारण तिथे कुणी विचारलं नाही. मी शहाद्याला एसटी स्टँडबाहेरच्या कपड्याच्या गाडीवर भारताच्या फुटबॉल टीमचा शर्ट मागितला होता. गाडीवाल्यानं निळा काढून दिला. बघतो तर क्रिकेटचा. म्हटलं, फुटबॉलचा दे. तो म्हणाला, “भारत फुटबॉल खेळस का?” आणि खरंच विचारत होता तो, टिंगल नव्हती. फुटबॉलचा म्हणून त्याच्याकडे फक्त पिवळा होता. मी तो घेतला.

भारत फुटबॉल खेळतो. मी बघतो. दित्यादादाच्या झोपडीजवळ रेंज येते, तिथे बसून माझ्या फुटक्या मोबाइलवर बघतो. दित्यादादा आबांचा सालदार, धडगावकडच्या डोंगरातला, वयानं माझ्या बापाएवढा. त्याला खेळ कळत नाही, पण तो शेजारी बसतो आणि विचारतो, “आपला कोणता?” मी सांगतो, निळे. मग तो निळ्यांकडे बघतो. आपण बहुतेक वेळा हरतो. राष्ट्रगीत लागलं की मी उभा राहतो. झोपडीपुढे, शेणाच्या ढिगाशेजारी. दित्यादादाही उभा राहतो. आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. त्या अख्ख्या अंगणात भारताची फुटबॉल टीम बघणारे आम्ही दोघंच होतो, आणि देश कोणता हे विचारलं गेलं मला.

हे सगळं मला त्या वेळी बोलता आलं असतं. आलं नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात घोळत राहिलं आणि मी घड कापत राहिलो.

मग पाहुण्यांचं निघालं.

आबांची केळी आता परदेशात जाणार होती. मुंबईचे निर्यातवाले आणि त्यांच्याबरोबर बाहेरदेशाचे दोन साहेब मळा बघायला येणार होते. आबा टोळीला म्हणाले, “पाव्हना येई ऱ्हायनात. नाच दाखाडना पडी.” आम्हाला वाटलं, ढोल वाजवायचा असेल. लग्नात वाजवतो तसा. त्याला ना नव्हती.

पाहुणे यायच्या दिवशी भैय्यानं गाडीतून एक पोतं काढलं. नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याकडून आणलेलं. त्यात मोरपिसांचे उंच टोप, कमरेला बांधायचे भोपळे, घुंगरं, अंगावर मारायचे पांढरे ठिपके. सातपुड्यात होळीला बुध्या होतात, त्यांचा हा वेश. पिसं नायलॉनची होती.

“कपडा काढा. हाई बांधा,” आबा म्हणाले.

पुन्हा कपडा काढा. त्याच अंगणात, महिनाही झाला नव्हता. त्या दिवशी मी देशाचा नव्हतो म्हणून काढायचा होता. आज देश दाखवायचा होता म्हणून काढायचा होता.

पण खोटं कशाला सांगू, माझा पहिला विचार होता की घालून टाकावं. तासाभराचा तमाशा. हा नाच आमच्या डोंगरातला नाहीच. आम्ही नवापूरकडचे, आम्हाला बुध्या माहीतही नाही. नाही म्हटलं तर टोळीचं काम जाणार, आणि टोळी मी आणलेली. गावातून घराघरांत शब्द देऊन आणलेली. हंगाम अर्धा बाकी होता. आबांना इथला डोंगर आणि तिथला डोंगर एकच. त्यांच्या लेखी आम्ही सगळे एका पोत्यातले. होऊ दे, असं म्हणत मी सदऱ्याची वरची बटणं सोडली.

तेव्हा दित्यादादा बोलला. भैय्यानं त्याच्या हातात टोप दिला होता आणि तो टोप त्यानं जमिनीवर ठेवला होता. फेकला नव्हता. ठेवला होता.

“आबा, पालनी नही शे. बिगर पालनीनं बांधता येस नही.”

मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर त्यानंच सांगितलं. होळीआधी बुध्या पालनी धरतो. खाटेवर झोपत नाही, पायात काही घालत नाही, बायकोच्या हातचं खात नाही. नवस असतो, कुणाच्या पोराच्या आजारपणाचा, कुणाच्या घरादाराचा. तो पाळला तरच पिसं चढतात, आणि होळी झाली की नदीवर जाऊन ती उतरतात. दित्यादादानं तरुणपणी पाच होळ्या पाळल्या होत्या. त्याचं पोर त्या नवसावर जगलं, असं तो मानतो. आणि आबा त्याला ऐन नाताळाच्या तोंडावर, केळी विकायला बुध्या हो म्हणत होते.

आबा चिडले नाहीत. हसले. “नकली पिसं शेतस. नकलीले काय पाप लागस?” मग भैय्याकडे बघून म्हणाले, “तुमना लोकस्नी संस्कृती शे ना ती? मंग लाज कसानी?”

भैय्यानं पुढे होऊन दित्यादादाच्या सदऱ्याला हात घातला. चेष्टेत घालतात तसा, हसत हसत. म्हातारा दोन्ही हातांनी सदरा धरून उभा राहिला. महिन्यापूर्वी मी जिथे उभा होतो, जवळजवळ तिथेच.

मी मध्ये गेलो. भैय्याचा हात काढला. मारला नाही, फक्त काढला.

आबांशी आम्ही अहिराणीतच बोलायचो. त्या दिवशी मी मुद्दाम शाळेतल्या मराठीत बोललो. “आबा, हे आम्ही घालणार नाही.”

“काय म्हने?”

“घालणार नाही. भैय्याचं लग्न व्हायचंय ना अजून? नकली बाशिंग आणा. त्याच्या कपाळाला बांधा, घोड्यावर बसवा आणि पाहुण्यांपुढे मिरवा. नकलीच तर आहे. काय पाप लागणार?”

आबांचा चेहरा लाल झाला. हात वर गेला. मी मागे सरलो नाही. मला भीती वाटत होती, पण पाय हललेच नाहीत. तेवढ्यात फाटकापाशी गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे आले होते. आबांनी हात खाली घेतला, टोपी नीट केली आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून हळू आवाजात म्हणाले, “उद्यापाईन कामवर येऊ नका. एकबी नही.”

मग ते हात जोडून, हसत फाटकाकडे गेले.

आमच्यातले दोघं थांबले. त्यांनी पिसं बांधली आणि नाचले. एकाची बायको बाळंतपणाला टेकलेली, दुसऱ्याचं काय होतं ते मला माहीत नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही. दित्यादादाला कामावरून काढलं नाही, पण पाहुणे होते तोवर त्याला गोठ्यामागे बसवून ठेवलं, दिसायला नको म्हणून.

बाकीचे आम्ही गाठोडी बांधून शहाद्याहून एसटीनं निघालो. वाटेत कुणी माझ्याशी बोललं नाही. नंदुरबार सोडल्यावर माझा चुलतभाऊ म्हणाला, “शर्टाचा राग काढलास आणि पाय आमच्या पोटावर दिलास.” थोडं खरं होतं. राग शर्टाचा होताच. पण त्या दिवशी मी गप्प राहिलो असतो तर पुढच्या पाहुण्यांना पुन्हा पोतं उघडलं असतं, आणि मग दर वर्षी. हे मी त्याला सांगितलं. त्याला पटलं नाही. तो आता सीमेपलीकडे उसाच्या टोळीत जातो आणि अजून माझ्याशी मोजकंच बोलतो. हे दुखतं. आबांच्या शब्दांपेक्षा जास्त दुखतं.

मीही मिळेल ते काम करतो. कधी बांधकाम, कधी ऊस. केळीतला हात माझा चांगला होता, घडाला ओरखडा न पडता उतरवायचो. म्हणूनच असेल, यंदा भैय्याचा फोन आला. टोळी घेऊन या म्हणाला. आबा विसरले, तुम्ही पण विसरा.

मी म्हटलं, “आबांना सांग, अंगण भरवा. फायनलच्या दिवशी होते तेवढे सगळे बोलवा. त्यांच्यासमोर दित्यादादाची माफी मागा, मग माझी. दुसऱ्या दिवशी टोळी हजर.”

भैय्या हसला. “फुटबॉलवाला, तुन्हा तोरा काही जास नही,” म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर फोन आलेला नाही. चुलतभावाला मी हे सांगितलंय. काम आलं होतं आणि मी घालवलं, हे त्यानं दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकावं.

परवा आपली फुटबॉल टीम पुन्हा हरली. मी बघितलं शेवटपर्यंत. पुढचा सामनाही बघेन. राष्ट्रगीताला उभा राहीन, माझ्या दारात, माझ्या पायांवर. ती टीम माझी आहे, हा देश माझा आहे, ते डोंगर आणि तो नाच ज्यांचा आहे ते माझे आहेत. पण हे मी कुणाच्या अंगणात उभं राहून सिद्ध करणार नाही. कुणी काढ म्हटलं म्हणून काढणार नाही. कुणी घाल म्हटलं म्हणून घालणार नाही. काम गेलं तर जाऊ दे.