धाकटीच्या वीस जोडण्या

माझी धाकटी जाऊ दिसायला बेताची, स्वयंपाकात हमखास मीठ विसरणारी. तरी सासूबाईंना तिच्याशिवाय घास उतरत नाही. मी इतकी वर्षं या घरात राबले, ते सगळं पाण्यात.

निदान नोकरी तरी माझी एकटीची होती. रुग्णालयात पहिला काउंटर माझा. नंबर देणं, बिलं करणं, ओरडणाऱ्याला गप्प बसवणं, सगळं माझ्याकडे. तिथंही ही आलीच, सर्व्हर सांभाळायला! बोली अशी, की तीन महिन्यांत काम दिसलं तर कायम, नाहीतर नारळ. खोटं कशाला बोलू, मी नारळाचीच वाट बघत होते.

चिन्हंही बरी होती. ऐन गर्दीत रोज आमच्या स्क्रीन गोठायच्या आणि लोक काचेवर टकटक करायचे. मोठे डॉक्टर वैतागून म्हणाले, "दुप्पट ताकदीचा सर्व्हर घेऊ."

"नको सर," धाकटी म्हणाली. "सर्व्हर चांगला आहे. त्याला लागलेल्या शंभर जोडण्या फार झाल्यात. त्या वीसवर आणते."

शंभर पुरत नव्हत्या आणि ही बया वीसवर आणणार! मी तोंडापुढे फाइल धरून हसून घेतलं.

रात्री जेवताना सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, "म्हणजे करणार काय गं तू?"

"आई, आपल्याकडे बाथरूम एकच. आंघोळ उरकल्यावरही कुणी आत कडी लावून बसलं, तर बाहेर रांग लागणारच ना? तसंच आहे. प्रोग्रॅमची खिडकी उघडली की ती सर्व्हरची एक जोडणी धरते, आणि काम नसलं तरी सोडत नाही. काम झाल्यावर लगेच परत केली, तर थोड्या जोडण्याही सगळ्यांना पुरतात."

सासूबाई खो खो हसल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. घरात कडी लावून कोण बसतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. लेकी बोले सुने लागे!

दुसऱ्या दिवशी ती माझ्या काउंटरवर आली. स्क्रीनच्या तळाशी खिडक्यांची ही रांग! मी आल्या आल्या प्रत्येक डॉक्टरची एक उघडून ठेवते. गर्दीत उघडत कोण बसणार? बाकीच्या काउंटरवाल्यांनाही मीच शिकवलंय.

"ताई, एवढ्या कशाला?"

"माझी पद्धत आहे," मी फणकारले. पण बोलता बोलता माझ्याच डोक्यात प्रकाश पडला: इथंही कडी लावून बसलेली मीच!

त्याच रात्री तिनं बसून प्रोग्रॅम दुरुस्त केला. त्या आठवड्यात स्क्रीन एकदाही गोठली नाही. वीस जोडण्या पुरून उरल्या. बैठकीत डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग चूक होती कुणाची?"

मी मान खाली घातली. तिच्या जागी मी असते, तर नाव, गाव, काउंटर नंबर, सगळं सांगून मोकळी झाले असते.

"प्रोग्रॅमची, सर. जोडणी परत करायचं त्यात लिहिलंच नव्हतं," धाकटी म्हणाली. "ताईंच्या स्क्रीनवर बघितलं, म्हणून सापडलं."

डॉक्टर मलाही शाबास म्हणाले. तिची नोकरी तिथल्या तिथे कायम झाली.

चुगली तरी करायची होतीस गं! हक्कानं भांडले असते. बयेनं माझ्यासाठी तेवढंही ठेवलं नाही.