सागवानी बोटीची तपासणी

रुक्मानं मान हलवली की हो. पदराचं टोक दातात धरलं की नाही. तोंडावरून हात फिरवला की गप बसायचं. बायकोच्या या तीन खुणांवर टिकाराम गजभियेनं दोन वर्षं काढली होती, आणि भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या त्यांच्या क्वार्टरांच्या लाइनीत शेजारच्या नत्थूखेरीज कुणाला पत्ता नव्हता की हा माणूस ठार बहिरा झालाय.

कारखान्यात ते खपून जाई. तिथं सगळेच हातवारे करून बोलत. छप्पनच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा घेऊन टिकारामनं पुढच्या साली भंडाऱ्याकडचं गाव सोडलं. भिलाईत आल्या आल्या तो रिव्हेट मारणाऱ्यांच्या टोळीत लागला. बाहेरचा गडी लालबुंद रिव्हेटवर हवेचा हातोडा चालवायचा आणि टिकाराम लोखंडी टाकीच्या पोटात उभा राहून त्याच रिव्हेटला मागून रेटा द्यायचा. सात वर्षं हेच. टाक्या उभ्या राहिल्या, कान गेले.

चौसष्ट साली रिव्हेटचं काम संपलं. आता सगळं वेल्डिंग. जादा माणसांची यादी लागली, तीत टिकाराम होता. यादीतल्या प्रत्येकाची डॉक्टरी तपासणी होणार होती. पास झाला तर क्रेनवर खलाशी, म्हणजे मदतनीस, नापास झाला तर क्वार्टर सोडून गावी.

"डॉक्टर मांगं उभा रायते अन् हळूच बोलते," नत्थूनं रुक्माला सांगितलं. "ऐकू आलं का नाई, बस, तेवढंच पायते."

त्या खोलीत रुक्माला कुणी जाऊ देणार नव्हतं. मुलगी सत्यशीला पाचवीत होती, आणि गावी परत जाणं म्हणजे कुठं जाणं हे रुक्माला चांगलं माहीत होतं.

अशात देशकर साहेबांचं बोलावणं आलं. दिवाकर देशकर मूळचे रायपूरचे, कारखान्यातल्या टिकारामच्या शॉपचे इंजिनियर. त्यांच्या बंगल्याचं अंगण रुक्मा झाडायची. पाच साहेबांनी मिळून एक जुनी मोटारबोट घ्यायचं ठरवलं होतं. रविवारी बालोदजवळ तांदुला धरणाच्या जलाशयावर जायचं, काठाकाठानं फिरायचं, जेवायचं आणि संध्याकाळी परत. तिथलं काम संपवून निघालेल्या एका ठेकेदाराच्या दोन बोटी विकायच्या होत्या.

"रिव्हेट तुझ्याइतकं कुणाला कळत नाही," साहेब अंगणात म्हणाले. "दोन्हींतली घेण्यासारखी कोणती ते तू बघून सांग. बोट आली की तिच्यावर एक माणूस लागेलच. तुझं नाव देतो. यादीतून निघशील."

टिकारामनं रुक्माकडं पाहिलं. हातातला झाडू तसाच धरून तिनं मान हलवली.

"हो साहेब," टिकाराम म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, "काहाले हो म्हटलं मी?"

रुक्मानं त्याच्यासमोर बसून, ओठ मोठे मोठे हलवत सगळं सांगितलं. यादीचं सांगितलं तेव्हा टिकाराम हसला. असं हसताना तिनं त्याला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

रविवारी ती हट्टानं सोबत निघाली. "मले तलाव पाहाचा हाय," एवढंच म्हणाली. जीपमध्ये पुढं देशकर साहेब आणि त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई, मागं बाईंचा भाऊ माधव, तोही कारखान्यात नवा इंजिनियर. त्याच्या पायांशी भांड्यांची पेटी, टिकाराम आणि रुक्मा.

"काय टिकाराम, लग्नानंतरचं फिरणं आत्ता होय?" माधव म्हणाला.

रुक्मानं तोंडावरून हात फिरवला. टिकारामनं मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, लाजला.

पत्र्याची बोट पाण्यात होती. तिला काठावर ओढलं. टिकारामनं खिशातून छोटी हातोडी काढली. एका बाजूनं हातोडीचा हलका ठोका, दुसऱ्या बाजूनं रिव्हेटच्या डोक्यावर डाव्या हाताचं बोट. ढिला रिव्हेट बोटाखाली थरथरतो, हे त्याला कान जाण्याआधीपासून माहीत होतं. दीडेक तासात त्यानं खडूनं अकरा फुल्या मारल्या.

"हे अकरा ढिले हायेत साहेब."

"कान बघा याचे!" देशकर साहेब कौतुकानं म्हणाले. रुक्मानं मान हलवली.

"हो साहेब," टिकाराम म्हणाला.

ठेकेदाराचा मुनीम भैय्याजी या फुल्या पाहून तोंड वाकडं करून जीपच्या सावलीत जाऊन पडला, आणि थोड्याच वेळात घोरायला लागला.

दुसरी बोट सागवानी होती. विशाखापट्टणमला समुद्राच्या काठाकाठानं माणसं फिरवून म्हातारी झालेली, पण अंगानं नीट. आठवड्यापूर्वीच पाण्यातून बाहेर काढलेली. कडेला निळा पट्टा होता.

"ही छान आहे," सुहासिनीबाई म्हणाल्या.

टिकाराम तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. हिला रिव्हेट नव्हते. लाकडाचं त्याला काही कळत नव्हतं. गावच्या नदीवर नावा मासे धरणाऱ्या ढिवरांच्या. टिकारामच्या वस्तीतला माणूस नावेत बसायचा तो सगळ्यांत शेवटी, कडेला, अंग चोरून. नाव हातानं चाचपून पाहायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

"पाण्यात सोडूनच बघू की," देशकर साहेब म्हणाले.

टिकारामनं रुक्माकडं पाहिलं. तिच्या मनात आलं, पाण्यात सोडली तर तरते का बुडते हे शेंबडं पोरगंही सांगेल. मग टिकारामची गरज काय उरली? तिनं पदराचं टोक दातात धरलं.

"नाही साहेब," टिकाराम म्हणाला. मग जे येत होतं ते त्यानं सांगितलं. टाकी तपासतात तशी ही तपासायची. बाहेरून चुना फासायचा, आतून काठोकाठ पाणी भरायचं आणि चुन्यावर ओल कुठं फुटते ते पाहायचं.

"ठीक. तुझी पद्धत," साहेब म्हणाले.

बोट दोन टोकांना रेल्वेच्या दोन लाकडी स्लीपरांवर चढवली. मध्ये आधार द्यायचा नाही, असं टिकारामनं सांगितलं. खालून पोट दिसायला हवं. टाकी पाणी आत धरायला बनवलेली असते आणि बोट पाणी बाहेर ठेवायला, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. तिथं उभ्या असलेल्या दोन इंजिनियरांच्याही आली नाही. चुना फासून झाला, काठावरचा डिझेलचा पंप सुरू झाला, नळी बोटीत पडली.

"रुक्मा," सुहासिनीबाईंनी हाक मारली, "ही खालची पातेली घासून आण. वरच्या डब्यांना हात लावू नकोस."

रुक्मा पातेली घेऊन पाण्याच्या कडेला गेली. टिकारामकडं तिची पाठ झाली.

दोन पातेली घासून झाली असतील नसतील, तेवढ्यात तिला आवाज आला. ओलं फडकं पिळावं तसा, पण जाड. पंपाच्या वर ऐकू आला. तिनं वळून पाहिलं. माधव उठून उभा राहिला होता.

"टिकाराम! पंप बंद कर!" देशकर साहेब ओरडले.

टिकाराम बोटीच्या पोटाशी उकिडवा बसला होता. चुना कोरडा होता. त्याचा चेहरा उजळला होता.

माधवनं धावत जाऊन पंप बंद केला. सगळं शांत झालं आणि त्या शांततेत बोट पुन्हा कण्हली, आधीपेक्षा लांब.

"टिकाराम, बाजूला हो."

टिकाराम हलला नाही. देशकर साहेब पुढं जायला निघाले आणि शंका येऊन थांबले. त्यांनी माधवकडं पाहिलं, मग ओठांवर बोट ठेवलं. मोडली तरी बोट अजून भैय्याजीच्या मालकाची होती.

रुक्मा पातेलं टाकून धावली. माधवनं हात आडवा केला. "थांब बाई. बघू दे."

मग तो टिकारामच्या मागं तीन पावलांवर जाऊन उभा राहिला.

"टिकाराम, साप!"

काही नाही.

"टिकाराम, तुला फोरमन केलं!"

सुहासिनीबाईंनी हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला. "पुरे रे," त्या म्हणाल्या, पण नजर काढली नाही.

टिकारामनं एकदम मागं पाहिलं. सगळे आपल्याकडं बघून हसताहेत हे पाहून तोही हसला, आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "एक थेंब नाई साहेब! सागवानी घ्या!"

त्याच्या पाठीमागं बोट मधोमध मोडली. सगळं पाणी एकदम अंगावर आलं. एक फळी त्याच्या खांद्यावर बसली आणि तो चिखलात तोंडावर पडला. बोट मोडल्याचं त्याला पाण्यानं कळलं.

भैय्याजी जागा होऊन धावत आला. "अरे, ये क्या कर दिया! किसने बोला था पानी भरने को?"

"भैय्याजी, एक मिनिट," देशकर साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "रुक्मा, तू तिकडं तोंड कर. तलावाकडं."

"साहेब, त्याले लागलं हाय..."

"तलावाकडं."

ती वळली. समोर नुसतं पाणी होतं, उन्हानं पांढरं झालेलं.

मागून साहेबांनी साध्या आवाजात विचारलं, "टिकाराम, तुझ्या मुलीचं नाव काय?"

टिकारामचा आवाज आला. तो आता प्रत्येक शब्द चाचपत बोलत होता. "चुना पाहा साहेब. कोरडा होता. म्या पायलं."

माधव मोठ्यानं हसला.

"यादीत नाव आहेच त्याचं," साहेब म्हणाले. "तपासणीला पहिला यालाच पाठवू. टिकाराम, शेवटचं विचारतो. तुला ऐकू येत नाही ना?"

पाण्याकडं तोंड करून रुक्मानं पदराचं टोक दातात गच्च धरलं.

दुपारी पत्र्याच्या बोटीचा सौदा झाला. अकरा रिव्हेट बदलायचे ठरले. शोधायची गरज नव्हती, खडूच्या फुल्या होत्याच.

परतताना जीपमध्ये टिकारामच्या कपड्यांवरचा चुना वाळून पांढरा झाला होता. बालोद मागं पडल्यावर तो रुक्माच्या कानाशी वाकला आणि आपण कुजबुजतोय असं समजून, पुढच्या सीटवरच्या देशकर साहेबांनी वळून पाहावं इतक्या मोठ्यानं त्यानं विचारलं,

"कावं, समजलं का त्याईले?"

रुक्मानं तोंडावरून हात फिरवला.