तालमीच्या भिंतीवरचा वसंता

आमच्या गल्लीची भिंत रंगवायला दोन महिने लागले, आणि तिचे किस्से सांगायला दहा-बारा वर्षं पुरली नाहीत! कट्ट्यावर चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "पेंटर, त्या भिंतीचं सांगा की." पेंटर म्हणजे मी. कोल्हापुरात दुकानांचे बोर्ड रंगवून पोट भरणारा माणूस. मी सांगतो, लोक हसतात. 

* * *

गल्लीच्या तोंडाशी तालीम. तिची रस्त्याकडची भिंत लांबलचक आणि कोरी. तालमीचे वस्ताद एक दिवस म्हणाले, "गल्लीची वळख पायजे ह्या भिंतीवर. काय काढायचं ते समद्यांनी मिळून ठरवायचं."

झाली मीटिंग! कुणी म्हणालं कुस्ती, कुणी रंकाळा, कुणी गुऱ्हाळ. शेवटी खानावळवाले तात्या उठले. "तांबडा रस्सा काढा!"

मी म्हटलं, "तात्या, रस्सा भिंतीवर कसा दिसणार?"

"तांबडा रंग हाय न्हवं तुझ्याकडं? मग वत की!"

काढला रस्सा, वरच्या कटासकट. तात्यांनी जवळ जाऊन बघितला, लांबून बघितला आणि म्हणाले, "मीठ कमी वाटतंय."

* * *

मग म्हैस. दारात म्हैस आणून गिऱ्हाइकासमोर धार काढायची, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे म्हैस हवीच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. पण कुणाची? गल्लीत दूधवाले दोन, पांडबा आणि गणपा. सख्खे चुलतभाऊ आणि तीन वर्षं अबोला.

पांडबा सकाळी यायचा. "शिंगं आत वळीव. माझीची तशी हाईत." गणपा दुपारी यायचा. "शिंगं सरळ कर." आठवडाभर मी शिंगं वळवत होतो आणि सरळ करत होतो. शेवटी वैतागलो. म्हैस पाठमोरी काढली, तोंड गव्हाणीत घातलेली!

दोघंही बघायला आले. दोघंही खूश. दोघंही म्हणाले, "ही माझीच!"

* * *

चित्र संपत आलं तेव्हा वस्ताद हळूच म्हणाले, "आणि आपला वसंता?"



वसंता म्हणजे गल्लीतल्या आक्काताईंचा एकुलता एक पोरगा. नवरा आधीच गेलेला. आदल्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गल्लीच्या खालच्या अंगाला घुसलं, तेव्हा या पोरानं गुळाच्या काहिलीत, रस आटवायच्या त्या भल्यामोठ्या कढईत, बसवून म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका बाहेर काढल्या. शेवटच्या फेरीला काहील उलटली. तो दोन दिवसांनी सापडला. त्याचा एकच फोटो होता, तो घराबरोबर पुरात गेला. पोराचं तोंड बघायला त्या माउलीकडं काहीच उरलं नव्हतं. ते भिंतीवर आणून द्यायचं, असं गल्लीनं ठरवलं. आणि ते मला करायचं होतं.

* * *

फोटो नाही, तर चेहरा गल्लीनंच सांगायचा. वस्ताद म्हणाले, "मान जाड घे. रोज पाचशे जोर मारायचा गडी."

दत्तोबा न्हावी पुढं सरसावला. "ह्या डोक्यावर मी वीस वरसं कात्री चालवलीया. दोन भवरे हुते. ते पायजेतच!"

"भोवरे दाखवायचे तर पाठमोरा काढावा लागंल, दत्तोबा."

"म्हशीगत?" मागून कुणीतरी बोललं.

सगळे खो खो हसले. आक्काताईसुद्धा हसल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

* * *

पहिला चेहरा झाला. आक्काताई बराच वेळ बघत राहिल्या. "न्हाय. ह्यो न्हवं."

"मग कसा हुता, आक्का?"

मग त्या सांगायच्या. भाकरी उभ्यानंच खायचा. शाळा बुडवून रंकाळ्यावर जायचा. हसताना डावा गाल आधी हलायचा. बायका हातातलं काम टाकून ऐकायच्या. तात्या चहाची किटली पाठवायचे. दत्तोबा दुकान लवकर बंद करून यायचा. ऐकता ऐकता पांडबा आणि गणपा एका बाकावर बसायला लागले! सगळं ऐकून मी चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारायचो आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं सुरुवात करायचो. असे नऊ चेहरे झाले. नऊ वेळा "न्हाय".

दहाव्या चेहऱ्यालाही "न्हाय" आलं, तेव्हा माझा तोल गेला. ब्रश आपटला. "आक्का, मला जमत न्हाय. दुसरा पेंटर बघा!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. "ऱ्हाऊ दे बाबा. व्हय. ह्योच त्यो."

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. जो तो आपापल्या कामाला लागला. आक्काताई तेवढ्या रोज तालमीसमोरच्या पायरीवर येऊन बसायच्या. मी तिथून जाताना मान खाली घालायचो. माझ्या रागापायी एका आईनं परक्याच तोंडाला आपलं पोर म्हटलं, हा विचार मला खायला उठायचा.

* * *

चार वर्षांनी आक्काताई अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. धीर करून विचारलं, "आक्का, खरं सांगा. वसंता मला जमला न्हाय न्हवं?"

"कोण म्हणलं? कवाच जमलाता की."

"मग रोज न्हाय का म्हणत हुतासा?"

त्यांनी माझा हात धरला.

"व्हय म्हणलं असतं, तर तुमी समदी उठून घरला गेला असता की रं."